वरचा रायसिंग

मी डोंगरात गेलो तो निसर्गाच्या ओढीनं नाही, हे आधीच सांगून टाकतो. निसर्गाचं आणि माझं कधी फारसं जमलेलं नाही. एकतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर बसलो. त्या टेबलाच्या खिडकीतून जो निसर्ग दिसायचा, तो म्हणजे एक बोरीचं झाड आणि त्याखाली उभी केलेली साहेबांची जीप. मला तेवढा पुरत होता. मी डोंगरात गेलो तो तुळशीच्या लग्नामुळे.

त्याचं असं झालं. दिवाळीला आमचा ललित येणार होता, बंगळूरहून, बायकोला आणि पोरीला घेऊन. तीन वर्षांपूर्वी चारुलता गेली. तेव्हापासून आमच्या घरची दिवाळी म्हणजे मी आणि दारातली एक पणती. त्यामुळे या वेळी मी कॉलनीत जरा जास्तच सांगून ठेवलं होतं. दूधवाल्याला पाच दिवस जादा दूध सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ललितचा फोन. कंपनीत काहीतरी 'लाइव्ह' जाणार होतं. "बाबा, तुळशीच्या लग्नाला नक्की." मी कॉलनीत शुद्धिपत्रक काढल्यासारखी सगळ्यांना नवी तारीख कळवली आणि आकाशकंदील तसाच ठेवला. तुळशीच्या लग्नाला तीन दिवस असताना पुन्हा फोन. आता जे लाइव्ह गेलं होतं ते बंद पडलं होतं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. फार वाटलं. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो आणि डबे पुसत बसलो, पुसलेले डबे पुन्हा पुसले. पण खरी धास्ती होती ती कॉलनीची. आमच्या नंदुरबारच्या कॉलनीत सहानुभूती ताटलीतून येते. दोन करंज्या, चार चकल्या, वर रुमाल आणि रुमालाबरोबर प्रश्न: "ललित नही उना का?" ताटली देणारी बाई फाटकाबाहेर पडली की पुढचं वाक्य मला न ऐकताही ऐकू यायचं: "पोऱ्या बापले इसरी गया." आता मला कोणी बिचारा म्हणा, खुळा म्हणा, मी ऐकून घेईन. पण माझ्या पोराला बाप विसरलेला पोरगा म्हणायचं नाही. हे मी सहन करणार नव्हतो.

म्हणून शेजारच्या नवनीत मास्तरांनी फाटकावर हात ठेवून "नाना, ललित कवय येस?" असं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून उत्तर गेलं, "मीच त्याले सांगं, येऊ नको. मी ट्रेकिंगले जाई ऱ्हायनू."

हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला, देव जाणे. रविवारच्या पुरवणीत वाचला असावा.

"ट्रेकिंगले?" मास्तर म्हणाले. "या वयमा?"

"वयना काय संबंध शे?"

तासाभरात सगळ्या कॉलनीला कळलं. शब्द तोंडातून गेला म्हणजे तो जावक झाला. आता माघार घ्यायची तर ललितचं नाव खराब होणार, म्हणजे जाणं आलंच.

मग सल्ले सुरू झाले. सगळ्यांचं एकच म्हणणं, तोरणमाळला जा. तिथं तलाव आहे, राहायची सोय आहे, भजी मिळतात. मी सांगितलं, "तठे गर्दी ऱ्हास. माले बिनगर्दीना डोंगर पाहिजे." हे ऐकून लोकांचा माझ्याबद्दलचा आदर वाढला. खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. गर्दीची मला हरकत नव्हती, पण गर्दी म्हणजे कुटुंबं. आजोबांच्या खांद्यावर नात, आजीच्या हातात चिवड्याची पिशवी, आणि 'काका, आमचा एक फोटो काढता का?' असं म्हणून मोबाईल आपल्या हातात देणारा मुलगा. त्यापेक्षा डोंगरातल्या मोलगी गावापलीकडचे पाडे बरे. तिथं कोणी फिरायला जात नाही, म्हणजे फोटोही काढावे लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवनीत मास्तर आणि गल्लीतले आणखी दोघे माझ्याकडे आले आणि म्हणाले, आम्हीपण येतो. मी कपाळाला आठ्या घालून म्हटलं, मला एकट्यालाच जायचं होतं, पण आता तुम्ही म्हणताच आहात तर या. ते गेल्यावर मी चहा केला आणि चक्क गुणगुणलो, हे कबूल करतो. संध्याकाळपर्यंत एकाचा गुडघा धरला. दुसऱ्याच्या व्याह्यांचा फोन आला. नवनीत मास्तर तिसऱ्या दिवसापर्यंत टिकले. मग त्यांची नातवंडं सुरतेहून अचानक आली आणि मास्तर फाटकातूनच हात हलवून म्हणाले, "नाना, आते मन्हं काय जमाव नही." त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की रागावताही येईना.

बॅग मी इद्रिसभाईंकडून घेतली. बाजारात छत्र्या, पेट्या आणि बॅगांचं त्यांचं जुनं दुकान. डोंगरात न्यायजोगी बॅग त्यांच्याकडे एकच होती आणि ती भडक केशरी होती. मी म्हटलं, जरा सोबर काही नाही का?

"चुडामण भाऊ, रंग की बात समझो," इद्रिसभाई म्हणाले. "पहाड में खो गये तो दूर से दिखोगे."

"कोणाला?"

इद्रिसभाईंनी जरा विचार केला. "ढूंढनेवालों को."

ते ढूंढनेवाले कोण असतील, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. बॅग घेतली.

आता एकतीस वर्षं आवक-जावक केलेला माणूस कागदाशिवाय डोंगर चढेल, हे शक्य नाही. तळोद्याला उतरून मी एका कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण कचेऱ्या सगळ्या एकच असतात. तिथं माझ्याच टेबलावर, म्हणजे आवकच्या, एक तरुण कारकून मोबाईल बघत बसला होता. मी अर्ज पुढे केला.

"कसली परवानगी?"

"डोंगरात पायी फिरण्याची."

"तिला परवानगी लागत नाही, काका."

"लागत नाही, असं लिहून द्या."

"लागत नाही असं लिहून द्यायला साहेबांची परवानगी लागते."

मला त्या मुलाबद्दल एकदम माया वाटली. खातं योग्य हातात होतं. बरीच चर्चा झाल्यावर त्यानं कपाटातून कसलासा एक छापील नमुना काढला. नाव, वय, कारण, मुक्काम. शेवटचा रकाना: 'कोणाकडे जाणार'. तो मी कोरा ठेवला. त्यानं कागद परत सरकवला.

"रकाना रिकामा ठेवता येत नाही."

हे वाक्य मी आयुष्यात हजारो लोकांना ऐकवलं असेल. ते एवढं लागतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

"पण मी कोणाकडेच जात नाहीये."

"मग निरंक लिहा."

मी लिहिलं. कोणाकडे जाणार: निरंक. खाली सही, चुडामण दोधू पाटील, आणि तारीख. त्यानं शिक्का मारला. मी बराच वेळ तो कागद हातात धरून जीपच्या थांब्यावर उभा होतो. अक्षर माझं चांगलं आहे, त्यामुळे ते निरंक फारच ठसठशीत दिसत होतं.

मोलगीला पोचलो तेव्हा तिथला बाजार भरला होता. बैलांचे गोंडे, घुंगरमाळा, गेरूची ढेकळं, कोंबड्या. जो तो सणाची खरेदी करत होता. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते, तेव्हा मी समजलो की उरलेला माल स्वस्तात काढत असतील. पुढच्या पाड्यांकडे जाणारी जीप खात्या नावाच्या एका माणसाची होती. बिनगर्दीच्या डोंगराला जाणाऱ्या त्या जीपमध्ये आम्ही एकोणीस जण होतो, टपावरचे वेगळे. मला समोर खात्याच्या शेजारी जागा मिळाली, म्हणजे माझ्या अर्ध्या अंगाला मिळाली.

"कुठं उतरनार?" खात्यानं विचारलं.

"रस्ता संपेल तिथं."

"कोनाकडे?"

आला पुन्हा तो रकाना! "कोणाकडेच नाही. असाच चाललोय. पायी फिरायला."

 मागच्या बाकावरची एक म्हातारी पावरी बोलीत काहीतरी म्हणाली. नंदुरबारात जन्म गेला, पण डोंगरातली बोली मला येत नाही. आम्ही खालचे लोक आपल्या अहिराणीच्या पलीकडे कधी गेलोच नाही. खात्यानं मला सांगितलं, "म्हातारी विचारते, घरात भांडन झालं का?"

"नाही."

म्हातारी पुन्हा बोलली.

"मंग कोनी मेलं का?"

"नाही हो. म्हणजे आत्ता नाही."

म्हातारीनं मान हलवली आणि पदराच्या गाठीतल्या मूठभर शेंगा काढून माझ्या हातात ठेवल्या. मग सगळी जीप माझ्याकडे बघायला लागली. ती नजर मी ओळखली. कॉलनीतून ज्या नजरेला भिऊन मी पळालो होतो ती माझ्याआधी जीपमध्ये येऊन बसली होती, आणि इथं तर ताटलीऐवजी रोख शेंगा. माझा स्वाभिमान उसळला.

"रायसिंगकडे!" मी म्हणालो. "रायसिंगकडे चाललोय."

जीपभर सुटकेचा श्वास ऐकू आला. रायसिंग हे नाव मी हवेतून काढलं नव्हतं. माझ्या आवक रजिस्टरात डोंगरातून येणाऱ्या दर तिसऱ्या अर्जावर तेच असायचं. पण खात्यानं विचारलं, "कोनता रायसिंग?"

"वरचा," मी म्हणालो. डोंगरात वर काहीतरी असतंच, एवढा भूगोल मला येत होता.

रस्ता संपला तिथं खात्यानं मला उतरवलं आणि त्याच जीपमधून उतरलेल्या दोघांना काहीतरी सांगितलं. एकानं माझी केशरी बॅग उचलून खांद्याला लावली. मी म्हणालो, मी जाईन, रस्ता सांगा फक्त.

"पाव्हना एकटा जात न्हाय," बॅगवाला म्हणाला आणि चालायला लागला.

अशा रीतीनं माझा एकट्याचा ट्रेक तिघांनी सुरू झाला. त्या डोंगरात गाव म्हणजे आपल्यासारखी घराला घर लागलेली गल्ली नसते. या टेकाडावर एक घर, त्या उतारावर दुसरं, प्रत्येक घर आपापल्या शेतात उभं. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणात कापून आणलेली ज्वारी. मला ते बघून जरा बरं वाटलं. म्हटलं, इथं लोकांनीच लांब लांब राहायचं ठरवलंय, ताटल्या घेऊन कोण येणार? पण एक हाक या टेकाडावरून त्या टेकाडावर इतक्या सहज जाते की मी पहिल्या अंगणात पोचायच्या आत रायसिंगचा पाहुणा आल्याची बातमी चार घरं पुढे गेली होती.

पहिला रायसिंग घरी नव्हता. त्याच्या बायकोनं खाट टाकली, पाणी दिलं आणि ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि कोंबडीचा रस्सा पुढे ठेवला. कालच दिवाळी झाली, म्हणाली, त्यातलं उरलंय.

"काल?" मी विचारलं. "दिवाळी काल होती?"

"आमची काल. मधल्या पाड्याची उद्या. रायसिंग तिकडंच गेला, पाव्हना म्हनून."

मला वाटलं, भाषेचा घोटाळा असेल. खाल्लं. खरं सांगायचं तर तीन वेळा मागून घेतलं, कारण दुसऱ्याच्या हातचं गरम जेवून मला किती दिवस झाले होते, ते आठवेना. रायसिंगची बायको मला नीट न्याहाळून म्हणाली, "आमचा रायसिंग खालचा. तुमचा वरचा. सकाळी पोचवतील." ती रात्र मी तिथंच पडवीत खाटेवर काढली.

सकाळी आम्ही पाच जण निघालो. दोन जण असे होते की त्यांना नाहीतरी मधल्या पाड्याच्या दिवाळीला जायचंच होतं. तिथं पोचलो तर ढोल वाजत होता, बैलांची शिंगं गेरूनं लाल झाली होती, आणि ज्या रायसिंगची बायको काल मला जेवू घालत होती तो खालचा रायसिंग समोरच बसला होता. त्याला सगळा प्रकार सांगण्यात आला. त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "मी तुमचा न्हाय. हा बघा मधला."

मधला रायसिंग नव्वदीचा होता आणि ठार बहिरा. मी नोंदवही काढून काही टिपलं, ते पाहून त्याचा समज झाला की मी डोळ्यांच्या शिबिरातला डॉक्टर आहे. त्यानं माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून आपल्या डोळ्यांपुढे नेला. मी नाही, नाही म्हणत होतो, पण बहिऱ्याला नाही कसं सांगणार? शेवटी मी दोन्ही डोळे गंभीरपणे पाहिले आणि मोठ्यानं म्हणालो, "तालुक्याला दाखवा." त्याच्या सुनेनं मान डोलावली. खरा डॉक्टरही हेच म्हणाला असता, तेव्हा माझ्या हातून काही पाप झालं असं मी मानत नाही. पण त्यानंतर दोन गुडघे, एक कान आणि एक गाभण शेळी माझ्यापुढे आली. सगळ्यांना मी तालुक्याला पाठवलं.

गर्दी जरा ओसरल्यावर मी खालच्या रायसिंगला गाठलं. माझ्यातला कारकून कालपासून अस्वस्थ होता. "दिवाळी कॅलेंडरात एकाच दिवशी असते," मी म्हणालो. "छापलेली असते. तुम्ही प्रत्येक पाड्याची वेगळी कशी करता? नियम काही आहे का नाही?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी काहीतरी खुळचट विचारलंय, पण पाहुणा आहे म्हणून सांभाळून घ्यायला हवं, असा त्याचा चेहरा झाला.

"समद्यांची एकाच दिवशी केली," तो सावकाश म्हणाला, "तर कोन कोनाकडे जाईल?"

 एकतीस वर्षांत कुठल्याही परिपत्रकात मी एवढं सरळ वाक्य वाचलं नव्हतं.

दुपारी वर निघायचं ठरलं. आता आम्ही नऊ होतो, त्यात एक ढोलवाला. पाहुणा इतका फिरून आला तर त्याला वाजतगाजत पोचवू, असा विचार झाला होता.  वरचा रायसिंग मला ओळखणार नव्हता. नऊ माणसं, एक ढोल, अख्खा पाडा, आणि त्यांच्यापुढे तो म्हणणार, कोण हा? मी तर याला कधी बघितलं नाही. या लोकांनी मला खाऊ घातलं होतं, माझी बॅग वाहिली होती. मी त्यांना खोटं सांगून फुकट फिरवत होतो. नंदुरबारच्या माणसाची, झालंच तर अख्ख्या सेवानिवृत्त कर्मचारी वर्गाची अब्रू जाणार होती.

म्हणून अर्ध्या चढावर मी लघवीचं निमित्त केलं, बॅग मागून घेतली ("औषध आहे त्यात"), आणि पळसांच्या आडून जो वळलो तो सरळ एका सोंडेवर जाऊन बसलो. म्हटलं, ते पुढे जातील, मग आपण खाली उतरायचं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की आता मी खरोखर एकटा आहे. समोर डोंगरामागे डोंगर होते, शेवटचे तर आभाळात मिसळून गेले होते. माणूस नाही, आवाज नाही. याच्यासाठीच मी आलो होतो. कॉलनीत तरी हेच सांगून आलो होतो. मला ते अजिबात आवडलं नाही. घरी निदान दूधवाल्याची घंटा असते, भिंती असतात, शेजारचा टीव्ही असतो. इथं बोलायचं तर कोणाशी? मी "चारुलता, बघ," असं मोठ्यानं म्हणालो आणि स्वतःच दचकलो. ती असती तर म्हणाली असती, आधी ते बुटाचे बंद बांधा.

तेवढ्यात खिशात मोबाईल वाजला. दोन दिवसांत पहिल्यांदाच रेंज आली होती. ललितचा मेसेज होता. 'बाबा, नवनीत काकांचा फोन आला होता. विचारत होते, तुम्ही मला येऊ नको असं खरंच म्हणालात का? मी म्हटलं, हो, बाबांनीच सांगितलं. बाबा, तुम्ही कुठे आहात? फोन का लागत नाही?'

मी तो मेसेज चार वेळा वाचला. मी इथं त्याचं नाव सांभाळत बसलो होतो आणि तो तिथं माझं खोटं सांभाळत होता. एकमेकांची अब्रू आम्ही बापलेकांनी एवढी जपली, पण भेट काही झाली नाही. मी उत्तर लिहायला घेतलं आणि 'ठीक आहे' एवढं लिहीपर्यंत रेंज गेली. उभा राहिलो, हात वर केला, दगडावर चढलो. नाहीच. मग मी त्या दगडावर बसून रडलो. कोणी बघत नव्हतं म्हणून व्यवस्थित रडलो.

कोणी बघत नव्हतं, हा माझा गैरसमज होता. पलीकडच्या उतारावरून ढोल वाजला आणि "तो बघा, तो बघा!" अशी ओरड झाली. इद्रिसभाईंचा रंग खरोखरच दूरवरून दिसत होता. दहा मिनिटांत सगळे नऊ जण, म्हणजे मी सोडून आठ, माझ्याभोवती होते. चेहऱ्याचं काय झालंय ते कोणी विचारलं नाही. खालच्या रायसिंगनं बॅग उचलली, एकानं मला हात देऊन दगडावरून उतरवलं, आणि या खेपेला मला मधोमध ठेवून चालू लागले.

वरचा रायसिंग आपल्या अंगणात बैलाच्या शिंगांना गेरू लावत होता. माझ्याच वयाचा असेल, सडपातळ, पांढऱ्या मिशांचा. ढोल थांबला. खालच्या रायसिंगनं पावरीत सगळं सांगितलं. माझ्या कानाला फक्त रायसिंग, रायसिंग, रायसिंग एवढंच लागत होतं. मग सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. बंद सुटलेलेच होते.

त्यानं मला वरून खाली पाहिलं. केशरी बॅग पाहिली. माझे डोळे पाहिले. 

"माझाच," तो म्हणाला, मराठीत, मला कळावं म्हणून. "माझाच पाव्हना. उशीर केला यानं."

ढोल पुन्हा सुरू झाला. आठ जण अंगणात बसले, पाणी प्यायले. उद्या इथं दिवाळीच असल्यामुळे परत जायचा प्रश्नच नव्हता. मला मात्र बसवेना. मी वरच्या रायसिंगजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "रायसिंगभाऊ, मी तुम्हाला ओळखत नाही. नाव मी असंच सांगितलं होतं. मी खरं तर कोणाकडेच आलो नव्हतो."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "पन कोनाकडे न आलेला मानूस दारात उभा राहिला, त्याला म्या कुनाचा म्हनू?" आणि त्यानं गेरूची वाटी माझ्या हातात दिली. "त्या शिंगाला लावा. हाताला लागंल, पन धुतलं की जातं."

मी आयुष्यात रजिस्टरावर लाल रेघा मारल्या होत्या, बैलाच्या शिंगावर कधीच नाही. बैल माझ्याकडे संशयानं पाहत होता. काम करता करता रायसिंग सांगत होता. त्यांच्या पाड्याची दिवाळी या वर्षी दोनदा पुढे गेली. त्याचा भाऊ सुरुपसिंग आणि पाड्यातली आणखी सहा घरं गुजरातेत ऊसतोडीला गेलेली. आधी मुकादमानं सोडलं नाही, मग गाडी मिळाली नाही. दोन्ही वेळा पाडा बसला, पुजाऱ्याला विचारलं, आणि सगळ्यांनी मिळून तारीख पुढे नेली.

"दोनदा?" मी विचारलं. "कोणी काही म्हटलं नाही?"

"काय म्हननार? मानसं यायची व्हती."

काल दुपारी सुरुपसिंग पोचला होता. तो पलीकडे चुलीपाशी बसून आपल्या पोरीच्या केसांना तेल लावत होता, आणि ती पोरगी त्याला सोडून कुठं हलायला तयार नव्हती. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. शिंगाची एक बाजू पुरी रंगवून झाली तरी बोटं तिथंच फिरवत होतो.

रायसिंगनं दुसऱ्या बैलाचं दावं सोडलं आणि सहज विचारलं, "तुमच्या गावची दिवाळी कधी?"

ती होऊन दोन आठवडे झाले होते. कॅलेंडरात छापलेली होती, फटाके वाजले होते, कॉलनीतले सगळे कंदील उतरले होते. खोटं बोलायचं तर मी या दोन दिवसांत भरपूर बोललो होतो, आणखी एक बोलायला माझी हरकत नव्हती. पण तोंडून जे निघालं ते मला खोटं वाटलं नाही.

"अजून ठरली नाही," मी म्हणालो. "पोरगा यायचाय."

रायसिंगनं मान डोलावली. यात विचारण्यासारखं काही नाही, असंच असतं, अशी.

"मग घाई नका करू," तो म्हणाला आणि दुसरा बैल माझ्यापुढे आणून उभा केला.